ठकूबाईचा ठ

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. आमची आई म्हणायची, तू एका वर्षानं मोठा आहेस, मास्तरांनी आपल्या सोयीनं लिहिलंय. तेव्हा माझ्या वयावरसुद्धा मी पुरता विश्वास ठेवत नाही, बाकीच्याचं सोडाच.

यंदाही तसाच ऑक्टोबर आलाय. वॉटफर्डला आमच्या घरासमोर एक बर्चचं झाड आहे, पांढऱ्या सालीचं, बारीक अंगाचं. त्याची पानं पिवळी होतात, बंद्या रुपयाएवढी, आणि ओली होऊन पायपुसण्याला, गाडीच्या काचेला, माझ्या बुटाला चिकटतात. माझी सून मृणाल खिडकीत उभी राहून म्हणते, "बाबा, काय सुंदर दिसतंय ना!" मी हूं म्हणतो. मला हा ऋतू पहिल्यापासून संशयाचा वाटत आलाय. जे झाड पंधरा दिवसांत उघडं पडणार, ते आत्ता एवढं नटतंय कशाला? असली माणसं मी चौतीस वर्षं पाहिली. ज्या दिवशी खोटी साक्ष द्यायची, त्या दिवशी माणूस कडक इस्त्रीचा सदरा घालून यायचा.

मी तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला होतो. शिक्षण चौथी. पण व्हरांड्यात उभं राहून पुकारा करायचा तो मीच. पक्षकाराचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि पुढे 'हाजीर आहे का'. असं तीन वेळा. तिसऱ्या हाकेला माणूस आत आला नाही की साहेब पेन उचलायचे आणि त्याचा दावा संपायचा. लिंबाखाली, चहाच्या टपरीवर, स्टँडच्या भिंतीला टेकून, जिथे कुठे तो बसला असेल तिथवर माझा आवाज गेला पाहिजे, आणि कानावर पडलेलं नाव त्याला आपलं वाटलं पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एकदा तोंडात पान असताना पुकारा केला. नाव चोथ्यासारखं बाहेर पडलं. तो माणूस पायरीवरच बसला होता, पण आपल्यालाच बोलावलंय हे त्याला कळलं नाही. दावा गेला. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "नाव नीट घ्यायचं होतंत हो." त्या दिवसापासून पान बंद. आणि त्या दिवसापासून माझ्याइतकं चोख नाव घेणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. बढाई मारत नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

बायको गेल्यावर मुलगा मला इकडे घेऊन आला. इथे माझ्या आवाजाला काम नाही. दवाखान्यात बसलं तर भिंतीवरच्या पडद्यावर नाव उमटतं, टिंग होतं, आणि माणूस उठून आत जातो. कुणी तोंड उघडत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे लोक एकमेकांपासून काहीतरी लपवताहेत. अजूनही मधूनमधून वाटतं.

तर त्या वर्षी सप्टेंबर संपत आला होता आणि मृणाल म्हणाली, "बाबा, मंगळवारी लायब्ररीत येता का माझ्याबरोबर? दोघांना मराठी शिकवतेय. एक चेक बाई आहे, एक जर्मन गृहस्थ. व्याकरण मी घेते, उच्चार तुम्ही घ्या. माझा ळ त्यांना ऐकूच येत नाही."

"तू पुण्याची ना? मग?"

"पुण्याचीच. पण दिवसभर कॉलवर इंग्लिश बोलून माझं तोंड मऊ झालंय. तुमचं अजून खडखडीत आहे."

मी लगेच ओळखलं. गेल्याच आठवड्यात कचऱ्याच्या निळ्या बिनवरून शेजारणीशी माझं वाजलं होतं. म्हाताऱ्याला कुठेतरी गुंतवून ठेवायचा हा सुनेचा डाव. तरी गेलो. नाही म्हटलं असतं तर मला येत नाही असा अर्थ निघाला असता.

लायब्ररीच्या मागच्या छोट्या खोलीत दोघं बसलेली. बाईचं नाव हाना. पस्तीस-छत्तीसची, केस आवळून बांधलेले, दातांच्या दवाखान्यात नर्स. नवरा मराठी होता, संदीप. दोन वर्षांपूर्वी आजारात गेला. एक मुलगी, पाच वर्षांची. गृहस्थाचं नाव उवे. सहा फूट, पन्नाशीचा, हसला की टेबल हलायचं. त्याची कंपनी त्याला तीन वर्षांसाठी चाकणच्या कारखान्यात पाठवणार होती.

मी कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलो आणि पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो हाच, की हे दोघं आपली भाषा कशाला शिकताहेत? इंग्रज माणूस आपल्या शेजारी वीस वर्षं राहून नमस्कार म्हणायला शिकत नाही. इंग्रजाला जमलं नाही ते यांना का जमवायचंय? फायद्याशिवाय माणूस जीभ वळवत नाही.

मृणालनं माझी ओळख करून दिली. हाना म्हणाली, "काका, नमस्कार." स्वच्छ म्हणाली. उवे म्हणाला, "खाखा, नमस्कार."

"खाखा नव्हे, काका."

"तेच. खाखा."

तासाभरात मला गंमत कळली. उवेच्या तोंडून प्रत्येक अक्षर धापा टाकत बाहेर यायचं. क म्हण म्हटलं की ख, ट म्हटलं की ठ, प म्हटलं की फुंकर. आणि हानाचं बरोब्बर उलटं. तिला ख म्हण म्हटलं की क. ठ म्हटलं की ट. तिच्या अक्षरात श्वासच नव्हता. एकाजवळ होता तो वारा दुसरीला द्यायचा, एवढंच काम. पण तोंडातला वारा काही उसना देता येत नाही.

मी बाहेर गेलो आणि दारातली बर्चची चार कोरडी पानं उचलून आणली. एक हानाच्या तळहातावर ठेवलं. हात तोंडासमोर धरायला लावला. "ठ म्हण. पान उडालं पाहिजे." दुसरं उवेच्या तळहातावर. "ट म्हण. पान हललं तर शिक्षा."

हानाचं पान जागचं हलेना. उवेचं पहिल्याच फटक्यात मृणालच्या चहात.

दोघांचं एक दुखणं मात्र सारखं होतं. शब्दाचं शेवटचं अक्षर त्यांच्या तोंडात गारठायचं. राग म्हटलं की राक. कागद म्हटलं की कागत. मृणालनं सांगितलं, त्यांच्या दोघांच्या भाषेत तशीच सवय आहे. मी म्हटलं, थंड देश, शेवटापर्यंत ऊब टिकत नाही. आणि एक गोष्ट दोघांना न शिकवता आली, ती म्हणजे चोर आणि चांगला यातला च. इंग्रजाच्या जिभेवर हा च सात जन्मांत बसणार नाही, आणि ही दोघं पहिल्याच दिवशी चोर, चोर म्हणून मोकळी. मला दाट संशय आला. आधी कुठेतरी दुसऱ्या मास्तरकडे जाऊन आलीत आणि आपल्यापुढे नवखी म्हणून बसलीत. घरी येताना मृणालला तसं बोललोसुद्धा.

ती बसमध्ये एवढी हसली की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. "बाबा, त्यांच्या भाषेत तो आवाज आहे हो! दोघांच्याही!"

"असं ते सांगतात," मी म्हटलं.

त्या ऑक्टोबरचे मंगळवार माझ्या मनात एकात एक मिसळून गेलेत. लायब्ररीतला ओल्या कोटांचा वास. रेडिएटरची कुजबूज. खिडकीबाहेर दर आठवड्याला लवकर येणारा अंधार. आणि टेबलावर पालथ्या मुठीएवढा पानांचा ढीग. हाना दातांच्या दवाखान्यातली म्हणून तिनं कागदावर तोंडाचं चित्र काढलं, आतून कापल्यासारखं, टाळू, दात, पडजीभ सगळं. मला म्हणाली, "काका, ळ कुठे? बोट दाखवा." मी टाळूच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे जिभेचं टोक उलटं वळवायचं आणि पुढे सोडून द्यायचं. चिंच चाखल्यावर टाळूला जीभ कशी वाजवतो, तसं." तिनं तोंडात बोट घालून जीभ उचलून पाहिली आणि म्हणाली, "माझा जीभ तिकडे कधी गेलाच नाही. छत्तीस वर्षं." माझी जीभ म्हणायचं, हे मृणालनं सांगितलं. मला ते वाक्य आवडलं होतं. मी तसं दाखवलं नाही.

एकदा तिनं माझ्यावर डाव उलटवला. तिच्या वडिलांचं नाव घ्यायला लावलं. त्या नावात एक अक्षर आहे, र आणि झ एकाच वेळी, एकाच जिभेवर. यिर, यिर्झ, यिझ्र. मी सगळं करून पाहिलं. ती मान हलवत राहिली. उवे टेबलावर डोकं ठेवून हसत होता. "खाखा, मला पण येत नाही! जर्मनांना पण येत नाही!" पुढे आठवडाभर मी अंघोळ करताना ते अक्षर घोटलं. मुलगा बाहेरून विचारायचा, बाबा, बरं वाटत नाहीये का? आजतागायत मला ते आलेलं नाही. तिच्या बापाचा दावा आमच्या कोर्टात असता तर माझ्या पुकाऱ्यानं तो गेला असता.

पण हे झालं वरवरचं. आत माझं दुसरंच चाललं होतं.

उवेचं मी तिसऱ्याच मंगळवारी सरळ विचारून टाकलं. मृणालला म्हटलं, याला विचार, कारखान्यात इंग्रजीवर भागतं, मग हा मराठी का शिकतो? कामगार पाठीमागे काय बोलतात ते चोरून ऐकायला ना? मृणाल म्हणाली, बाबा, असं नाही विचारता येत. मी म्हटलं, मग मी विचारतो, आणि विचारलं. उवेनं निम्मं ओळखलं, निम्मं मृणालकडून घेतलं, आणि दिलखुलास मान डोलावली. "हो खाखा, बरोबर! मागे काय बोलतात, मला कळलं पाहिजे. समोर सगळे 'येस सर' बोलतात." त्या दिवसापासून त्याची माझी दोस्ती झाली. ज्याच्यावरचा संशय खरा निघतो तो माणूस मला परवडतो. आता तो चाकणला असतो. तिथून मला फोनवर आवाज पाठवतो. परवा म्हणाला, काका, मला इथे टकल्या म्हणतात. ट स्वच्छ होता. मी त्याला शाबास म्हटलं.

हानाचं तसं नव्हतं. तिच्याकडे एक कागद होता, घडी पडलेला, इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिलेला. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. पण ती एकेक शब्द म्हणून दाखवायची आणि मी दुरुस्त करायचो. पहिले शब्द होते जमीन, कागद, सही, हक्क, वारस. माझे कान टवकारले. मुंबई-पुण्याच्या माणसाला या शब्दांत काही वावगं दिसणार नाही. मी चौतीस वर्षं हेच शब्द ऐकत दाराशी उभा होतो. मग तिनं सासूचं नाव विचारलं, कसं म्हणायचं. ठकूबाई विठोबा घोळवे, राहणार पिंपळगाव. गावाकडे एकटीच असते. हानाला तिला एक फोन करायचा होता, आणि तो मराठीत करायचा होता.

झालं. माझ्या डोळ्यांसमोर अख्खी फाईल उभी राहिली. मुलगा मेला. परदेशी बायको. गावाकडे जमीन. एकटी म्हातारी, अंगठेबहाद्दर. आणि आता ही बाई गोड आवाजात दोन शब्द शिकून तिला कागदावर आणणार. अशा किती म्हाताऱ्या मी पाहिल्या होत्या. कोर्टाच्या आवारात कुणीतरी त्यांना लिंबाखाली बसवून ठेवायचं, चहा पाजायचं, आई, आई म्हणायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगठ्याला शाई लागलेली असायची.

हानाला मात्र मी काही विचारलं नाही. उवेला विचारलं, तिला नाही. पाप्याला विचारून खरं कळत नाही, अशी माझी समजूत. तिच्यासाठी मी कोर्टातलीच रीत काढली. प्रकरण लांबवायचं असलं की वकील काय करतात? पुढची तारीख घेतात. मीही तारखा घ्यायला लागलो.

"नाव आधी पक्कं झालं पाहिजे," मी म्हटलं. "नाव कच्चं असेल तर पुढचं सगळं बाद."

"वाक्य कधी काका?"

"पुढच्या मंगळवारी."

आणि त्या नावात माझ्या नशिबानं सगळे काटे होते. ठकूतला ठ, विठोबातला ठ, घोळवेतला घ आणि त्याच्यामागे लगेच ळ. तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते टकूबाई विटोबा गोलवे. मी मनात म्हटलं, महिना जातोय. पानावर पान. छातीवर हात ठेवून घ, आतून गडगडला पाहिजे. टाळूला जीभ, ळ. ती कंटाळली नाही. दवाखान्यातून थेट यायची, हाताला औषधाचा वास, आणि खुर्चीच्या कडेवर बसून ठ, ठ, ठ करत राहायची. मी तिला उभं राहायला शिकवलं, बसून नाव घेतलं की पोटातून येत नाही. नजर लांब ठेवायची. पहिलं नाव ओढून, मग थांबायचं, मधलं नाव, मग थांबायचं, आणि आडनाव खाली ठेवायचं, भरलेली घागर ठेवतात तसं. मला नाव घेण्याची एवढी एकच रीत येते.

तुम्ही म्हणाल, फसवायचं होतं तर वाईट शिकवायचं. ते मला जमलं नाही. लांबवता आलं, पण बिघडवता आलं नाही. पान खाऊन केलेल्या त्या पुकाऱ्याची आठवण आड आली.

ऑक्टोबरच्या चौथ्या मंगळवारी तिच्या तळहातावरचं पान उडालं. उडालं ते खिडकीच्या काचेवर जाऊन आपटलं. उवेनं टाळ्या वाजवल्या. हाना माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. आता कुठली तारीख घ्यायची, या विचारात होतो.

तिनं तारखेची वाट पाहिली नाही. त्याच रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. पहाटे घड्याळं एक तास मागे झाली होती. सरकार इथे दर वर्षी मार्चमध्ये तास घेतं आणि ऑक्टोबरमध्ये परत देतं, मधल्या काळात त्याचं काय करतं ते कुणी विचारत नाही. दिवाळी जवळ आली होती, मृणाल स्वयंपाकघरात चिवडा परतत होती. घरभर कढीपत्त्याचा वास. हाना म्हणाली, "काका, आज फोन करते. इथे, तुमच्यासमोर. भीती वाटते."

मला वाटलं, बरं झालं. माझ्यासमोर होऊ दे. लबाडी निघाली तर मी मध्ये पडेन.

तिनं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. चार-पाच घंट्या वाजल्या. पलीकडे उचलला. रातकिड्यांचा आवाज आला, मग म्हातारीचा. "कोन?"

हाना उठून उभी राहिली. पाठ ताठ केली. समोरच्या भिंतीपलीकडे नजर लावली, आणि छाती भरून म्हणाली, "ठकूबाई... विठोबा... घोळवे!"

असं नाव मी स्वतः माझ्या भराच्या काळातसुद्धा घेतलं नव्हतं.

पलीकडे नुसता श्वास. मग म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, "कोर्टातनं का, बाई? मला काय बी ठावं न्हाई बगा. म्या एकली मानूस. काय इचारायचं ते पुतन्याला इचारा. माजा अंगठा घिऊ नका." आणि फोन बंद.

हानानं परत लावला. लागला नाही. तिसऱ्यांदा लावला. बंदच करून टाकला होता.

"काका, मी चुकला बोलले?"

"नाही," मी म्हटलं. "एक अक्षर चुकलं नाही."

मृणाल हातात झारा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिला सासूचं नाव घ्यायला शिकवलंत? हाका मारायला? मला वाटलं, ठ घोटायला म्हणून घेताय. सून कधी सासूला नावानं हाक मारते का?"

मग तिनं हानाच्या हातातला कागद घेतला आणि माझ्यासमोर धरून, मला वाचता येत नाही हे माहीत असून, मोठ्यानं वाचला. "आई, मी हाना. मला जमीन नको. तुम्ही सांगाल त्या कागदावर मी सही करते. मला हक्क नको. मला फक्त लेकीला तुमच्याकडे आणायचं आहे. संदीपसारखी हसते."

झाऱ्यातलं तेल फरशीवर ठिपकत होतं.

"पुतण्यानं म्हातारीला सांगून ठेवलंय, बाहेरची बाई जमीन घ्यायला येणार म्हणून. दोन वर्षं झाली, इंग्लिशमधला आवाज आला की ती फोन ठेवून देते. म्हणून ही मराठी शिकतेय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा. उवेला विचारलंत."

हाना रडली नाही. तिनं कागदाची घडी केली, कोट चढवला, मला "येते काका" म्हणाली. येते म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. संदीपनंच शिकवलं असेल. बर्चच्या झाडाखालून ती बसस्टॉपकडे गेली. नुकत्याच परत मिळालेल्या त्या तासामुळे पाचच्या आतच अंधारलं, आणि मी वर माझ्या खोलीत जाऊन दिवा न लावता बसलो.

दरवर्षी घड्याळं मागे झाली की मला ती संध्याकाळ आठवते. मला कुणी चूक दाखवली की मी आधी दाखवणाऱ्याचा हेतू तपासतो. त्या संध्याकाळी तपासायला कुणी उरलं नव्हतं. पुतण्या म्हातारीला जे सांगत होता, तेच मी माझ्या मनाला सांगत होतो. तो पिंपळगावात, मी वॉटफर्डमध्ये, एकमेकांचं तोंड न पाहता एकाच बाजूचे साक्षीदार. सून सासूला नावानं हाक मारत नाही, हे मला माहीत नव्हतं? माझ्या बायकोनं माझ्या आईचं नाव रेशनकार्डवर लिहिताना सुद्धा तोंडानं घेतलं नव्हतं. पण हाना माझ्या हिशेबी सून नव्हतीच. मी तिला पक्षकार धरलं होतं. पक्षकाराला शिकवायचं ते मी शिकवलं, आणि चोख शिकवलं.

मला अजूनही माणसांचा संशय येतो. त्या दिवसापासून कमी झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल. एवढंच झालं की मी आधी विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वेटरवर कोट चढवला, मुलगा-सून उठायच्या आत बस पकडली आणि हानाच्या दारात जाऊन घंटा वाजवली. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टूथब्रश होता. आत स्वयंपाकघरात दुधात भिजलेल्या कशाचा तरी वास होता, आणि सिंकमध्ये रात्रीची भांडी.

"काका? घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. बस. तासाला आलोय."

"आत्ता? आठला मला क्लिनिक..."

"एकच शब्द आहे. आई म्हण."

तिनं टूथब्रश ठेवला आणि खुर्चीत टेकली. मग शिकवल्याप्रमाणे उभी राहायला लागली.

"उभी राहू नको. बस. पाठ सैल सोड. आई म्हण."

"आई."

"हळू. घरात कुणी झोपलंय, त्याला उठवायचं नाही, पण आपण आलोय हे त्याला कळावं, तेवढंच."

"आई," ती म्हणाली. त्यात ठ नव्हता, घ नव्हता, ळ नव्हता. पान ठेवलं असतं तर जागचं हललं नसतं. जगातल्या कुठल्याही तोंडाला येणारा शब्द, आणि मी तो महिनाभर तिच्यापासून लपवून ठेवला होता.

नंबर तिनं लावून दिला. गावाकडे तेव्हा भर दुपार. पुष्कळ वेळ वाजून शेवटी उचलला. मी नाव घेतलं नाही. म्हटलं, "वहिनी, फोन ठेवू नका. मी इंग्लंडातनं बोलतोय, म्हातारा माणूस. काल तुम्हाला आवाज दिला ते कोर्ट नव्हतं. तुमच्या सुनेला मी चुकीचं शिकवलं. चूक माझी आहे, तिची नाही." एवढं माझ्या आयुष्यात मी कुणाला बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा नाही. पलीकडे कोंबड्या होत्या आणि श्वास होता. मी फोन हानाच्या हातात दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आई."

मी वळलो, सिंकपाशी गेलो, आणि मला काही ऐकू येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला. दोन कप विसळले. मग ताटल्या घासल्या. मग मुलीचा दुधाचा वाडगा. सगळं संपल्यावर, पाठीमागे अजून बोलणं चालूच आहे असं जाणवलं, तेव्हा घासलेली भांडी परत सिंकमध्ये घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला लागलो.